डास, टॉवेल आणि स्ट्रंकसर

लेखनात काटकसर शिकवणाऱ्या प्राध्यापकावर लेख लिहायचा आणि त्याचा सुरुवातीचा ऐसपैस भाग डास मारण्यात घालवायचा, हा उपद्व्याप ई. बी. व्हाइटनं १९५७ च्या जुलैत केला. लेख 'द न्यू यॉर्कर'मध्ये पत्राच्या रूपात आला. माथ्यावर टर्टल बे हे न्यूयॉर्कमधल्या त्याच्या वस्तीचं नाव आणि १५ जुलै ही तारीख. पुढे संग्रहात त्याला 'विल स्ट्रंक' हे शीर्षक मिळालं. कॉलेजातल्या एका लेखनवर्गानं आपल्याला काय दिलं, हा विषय तसा घासून गुळगुळीत झालेला. आपल्याकडच्या कॉलेजच्या वार्षिकांतही तो कृतज्ञतेच्या चार ठरावीक विशेषणांसह दर वर्षी भेटतो. इतक्या आडवाटेनं जाऊन तो इतका नेमका पकडलेला मात्र मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आधी माणसं. विल्यम स्ट्रंक (१८६९-१९४६) हे इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठात इंग्रजी शिकवत. शेचाळीस वर्षं शिकवलं. वर्गातल्या मुलांसाठी त्यांनी १९१८ मध्ये 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' ही ४३ पानांची पुस्तिका खासगीरीत्या छापून घेतली. त्यात अठरा नियम, मांडणीविषयीच्या काही सूचना आणि हमखास चुकणाऱ्या शब्दांची यादी. कॉर्नेलच्या आवारात तिला नुसतं 'छोटं पुस्तक' म्हणत, 'छोटं'वर जोर देऊन. व्हाइट १९१९ मध्ये स्ट्रंकसरांच्या 'इंग्लिश ८' या वर्गात बसला. पुढे तो 'न्यू यॉर्कर'चा आधारस्तंभ झाला, 'शार्लट्स वेब' लिहून मुलांच्या घरांत पोचला, आणि या सगळ्या काळात ती पुस्तिका काही त्याच्या नजरेला पडली नाही. इथाकाच्या एका मित्रानं ती टपालानं भेट पाठवली, तेव्हा मध्ये ३८ वर्षं गेली होती.

आता लेख. उकाडा, रात्र, झोपेचं खोबरं. व्हाइट टॉवेलाचं एक टोक ओलं करून अंधारात डासांवर फटके मारतोय. टोक ओलं का, तर त्यामुळे टॉवेलाच्या अंगी जरा अधिकार येतो, असं तो सांगतो. वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. पण या लेखात अधिकार गाजवणारा माणूस अजून यायचाय, तो येण्याआधी हा गुण एका टॉवेलाला बहाल झालाय, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात येतं. झोप न झाल्यानं डोकं हलकं झालंय आणि ही झिंग लेखनाला फार चांगली, कारण शब्दांच्या अर्थाची जबाबदारीच वाटेनाशी होते, असंही तो मध्येच म्हणून घेतो. शब्दाशब्दाचा हिशेब मागणाऱ्या गुरूवरच्या लेखाच्या तोंडाशी ही कबुली! खोड्या काढण्याची ही त्याची पद्धत आहे. चेहरा गंभीर ठेवायचा, आवाज चढवायचा नाही.

मग बंदोबस्ताची हकीकत. डास धुराड्यातून उतरत असावेत असा एक तर्क, म्हणून नवराबायको गुडघे टेकून भिंतीतल्या शेकोटीला झिरझिरीत जाळीचं कापड लावतात, आणि ती शेकोटी नवरीसारखी दिसू लागते. थर्ड ॲव्हेन्यूवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून खिडक्यांसाठी जाळ्या आणल्या, पण इमारत जुनी, चौकटी वाकड्यातिकड्या. जाळी आणि चौकट यांच्यामधल्या फटीतून कुठलाही डास आरामात आत येऊ शकतो. हत्तीरोग झालेला असला तरच काय ती अडचण. हत्तीरोग पसरवणाऱ्यालाच हत्तीरोग जडवणारी ही कल्पना वाचून मी पुस्तक क्षणभर मिटलं होतं. शिवाय जाळी बसवण्यासाठी खालची काच वर सरकवली की दोन काचांच्या मध्ये एक फट पडते. ती फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही, डासांच्या मात्र सर्वांच्याच येत असणार. हे वाक्य व्हाइटनं कंसात टाकलंय. आणि पंचवीस डॉलरला घेतलेलं एक अतिशय जुनं एअर कंडिशनर आहे. खोलीत त्याचा परिणाम जवळपास शून्य, आवाज भुयारी रेल्वेचा. तरी ते यंत्र त्याला आवडतं.

दुकानातला संवाद तर चार-पाच ओळींची नाटिकाच आहे. व्हाइट फ्लिट या कीटकनाशकाचा पंप मागतो. (आपल्याकडेही एका पिढीत 'फ्लिट मारणं' हे क्रियापदच होऊन बसलं होतं.) इतकी वर्षं हा गृहस्थ होता कुठे, अशा नजरेनं दुकानदार त्याच्याकडे बघतो आणि त्याहून जालीम औषधाचा डबा पुढे करतो. त्यात क्लोरडेन. हे आपल्याला सोसत नाही, थेट यकृतात जातं, असं व्हाइट वेड्यागत नजर टाकून सांगतो. एवढंच. पुढे दुकानदार काय म्हणाला, औषध घेतलं की नाही, काही नाही. प्रसंग जिथे रंगतो तिथेच तो सोडून देतो. हेही त्या वर्गातच शिकला असावा, असं मला वाटतं.

इथे वाचकाला एक सोपं समीकरण सापडल्यासारखं वाटतं. डास म्हणजे निरुपयोगी शब्द. कितीही जाळ्या लावा, फटीतून शिरतातच. आणि स्ट्रंकसर म्हणजे ओला टॉवेल. परीक्षेच्या पेपरात याला चांगले गुण मिळतील. मला ते निम्मंच पटतं. व्हाइट रूपकं रचायला बसलेला लेखक नाही. त्याला डास खरोखर चावलेले आहेत. या भागाचं काम मला वेगळं दिसतं. इथला माणूस तर्कांवर जगतोय. धुराड्याचा तर्क, फटीचा तर्क, एअर कंडिशनरच्या गार झोतावर स्वार होऊन डास येतात हा तर्क, आणि हा शेवटचा लंगडा आहे असं तोच सांगून टाकतो. झोप न येणाऱ्याला वेळ काढायला काहीतरी तर्क लागतातच. कंसामागून कंस येतात, 'पण' येतात, 'असावं' येतं. असा डळमळीत मनाचा, सगळ्याच बाबतीत किंचित हरलेला माणूस पहिल्या भागात पुरता उभा राहिला, की मग दुसऱ्या भागात असा एक माणूस आत येतो ज्याच्याजवळ एकही तर्क नाही, फक्त आज्ञा आहेत. डासांवाचून स्ट्रंकसरांचा हा प्रवेश साधा झाला असता.

दोन भागांना जोडणारा सांधा तर बघण्याजोगा. व्हाइट दांपत्य हा फ्लॅट सोडून कायमचं मेन राज्यातल्या शेतावर राहायला निघालंय, म्हणजे म्हाताऱ्या घोड्यांनी आता कुरणात जायचं. सामानाची आवराआवर चाललीय, पुस्तकं निकालात निघताहेत, एखादी खुर्ची विकली जातेय. पण आपल्या या शुद्धीकरणांचा अनुभव व्हाइटला चांगला ठाऊक आहे: आयुष्य सोपं करायला जावं आणि गुंता वाढावा. मागच्या खेपेला असाच सगळं टाकून निघाला, तर पदरी एक प्राणिसंग्रह पडला, आणि त्या जनावरांना पाण्याच्या जड बादल्या वाहून नेणं अजून संपलेलं नाही. कुरणात गेलेला हा घोडा पहिल्यांदा कुरण सुधारायला घेईल, याचीच त्याला भीती. आणि मग, नवा परिच्छेद सुरू करून, तो सांगतो की एक पुस्तक मात्र टाकायचं नाही असं ठरवलंय. टाकण्याची कला शिकवणारं पुस्तक तेवढं ठेवायचं! हा विरोधाभास तो बोलून दाखवत नाही. दुसरा कोणी असता तर इथे उद्गारचिन्ह दिलं असतं, जसं मी आत्ता दिलं.

स्ट्रंकसरांचं चित्र त्यानं अगदी थोड्या रेषांत काढलंय. मधोमध भांग पाडून कपाळावर विंचरलेले आखूड केस, पोलादी काड्यांचा चष्मा, अंधारातून एकदम उजेडात आल्यासारखे सारखे मिचमिचणारे डोळे, नीट कातरलेल्या मिशीखाली ये-जा करणारं हसू. आणि ओठ कसे, तर बावरलेल्या घोड्यांसारखे एकमेकांना हलके चावणारे. थोडं आधी व्हाइट स्वतः घोडा झाला होता, इथे गुरूच्या तोंडात दोन घोडे आहेत. हे त्यानं जाणूनबुजून केलं की घोडा डोक्यात घोळतच होता म्हणून आला, हे ठरवायची मला गरज वाटत नाही. लेखाच्या दोन्ही भागांत एकच प्राणी चरतोय, एवढं खरं.

मग तो प्रसिद्ध विनोद. अनावश्यक शब्द गाळा हा स्ट्रंकसरांचा तेरावा नियम. वर्गात ते स्वतः इतके शब्द गाळत, आणि इतक्या चवीनं गाळत, की तास संपायच्या आत बोलण्याजोगं काही उरतच नसे. घड्याळाच्या पुढे निघून गेलेल्या या माणसानं त्यावर तोड काढली ती अशी की प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचं. टेबलावर ओणवं व्हायचं, कोटाच्या दोन्ही कडा मुठीत धरायच्या, आणि कटात सामील करून घेत असल्यासारख्या घोगऱ्या आवाजात नियमाचं नाव तीन वेळा उच्चारायचं. काटकसरीचा मंत्र तिप्पट शब्दांत! गुरूची फजिती म्हणून हे वाचलं तर रस निम्मा उरतो. स्ट्रंकसरांना ठाऊक होतं की कागदावरचा शब्द पुन्हा वाचता येतो, कानावरचा निसटतो. वर्गात तीनदा म्हणणं अनावश्यक नव्हतं. शब्द कुठे अनावश्यक ठरतो ते जागेवर अवलंबून असतं, आणि हे त्यांना नियम न करताही कळत होतं.

त्या तेराव्या नियमाखाली पुस्तिकेत जो परिच्छेद आहे तो मूळ इंग्रजीत ६३ शब्दांचा. व्हाइट त्याला जग बदलू शकणारे शब्द म्हणतो आणि यात तो अर्धवटच थट्टा करतोय. परिच्छेदाची बांधणी पाहा. चित्रात फुकटची रेघ नसते, यंत्रात फुकटचा भाग नसतो, तसं वाक्यात फुकटचा शब्द नको, असं आधी सांगितलंय. इथेच थांबले असते तर नियम तारवाल्याचा झाला असता. पण पुढे ते लगेच अडवतात: याचा अर्थ सगळी वाक्यं आखूड करा असा नाही, तपशील टाळा असाही नाही, विषयाचा नुसता सांगाडा द्या असाही नाही. एवढंच की प्रत्येक शब्दानं काहीतरी सांगितलं पाहिजे. ही शेवटची अट किती मोकळी आहे! तिच्यात हत्तीरोगी डास बसतो, पंचवीस डॉलरचं यंत्र बसतं, कंसातली फट बसते. स्ट्रंकसरांचं नाव घेऊन पुढे पिढ्यान् पिढ्या मास्तरांनी पोरांची लांब वाक्यं कापली, त्यांनी हा परिच्छेद निम्म्यावरच सोडला असावा. व्हाइटनं तो पूर्ण वाचला होता.

गुरूच्या लहरीही तो झाकत नाही. स्ट्रंकसरांच्या आवडीनिवडी कधी कधी गळ्यातला टाय निवडण्याइतक्या लहरी असत. विद्यार्थिवर्गासाठी रूढ असलेली 'स्टुडंट बॉडी' ही शब्दजोडी त्यांना इतकी किळसवाणी वाटायची की माजी विद्यार्थ्यांच्या पत्राच्या कचेरीत ते मुद्दाम चालून गेले आणि स्वतः घडवलेला पर्यायी शब्द संपादकाला देऊन आले. संपादक शब्दावर नसेल, पण भेटीवर खूश झाला आणि त्यानं ती 'बॉडी' कायमची पुरून टाकली, असं व्हाइट लिहितो. नवा शब्दही फारसा बरा नव्हता, हेही लिहितो.

पण वर्गातली एक शिकवण मात्र व्हाइट थट्टेविना सांगतो. गुळमुळीत, बेचव, धरसोड लिहिण्याचा स्ट्रंकसरांना तिटकारा होता. चुकणं त्यांच्या लेखी धरसोडीपेक्षा बरं. उच्चार ठाऊक नसलेला शब्द आला तर तो मोठ्यानं म्हणा, असा त्यांचा सल्ला. अज्ञानात पुटपुटण्याची भर कशाला? हे सारं येतं वाचकाविषयीच्या कणवेतून. वाचक बहुतेक वेळा चिखलात रुतलेला असतो आणि लिहिणाऱ्यानं तो दलदलीचा भाग लवकर उपसावा, निदान दोर तरी टाकावा, ही स्ट्रंकसरांची धारणा व्हाइटनं नोंदवलीय. मला हा लेखाचा गाभा वाटतो. दलदल आणि दोर यांतून भाषाशुद्धीचा अभिमान दिसत नाही, दुसऱ्याच्या हालांची जाणीव दिसते.

आणि शिष्य? 'द फॅक्ट दॅट' ही शब्दांची माळ गुरूला अगदी नको असायची. लिहिण्याच्या भरात आपण ती हजारदा लिहिली असेल आणि डोकं थंड झाल्यावर त्यांतली निम्मी काढली असेल, असा हिशेब व्हाइट देतो, तोही बेसबॉलच्या फलंदाजीच्या सरासरीच्या भाषेत. हंगाम संपत आला आणि निम्मेच फटके बसताहेत, याचं त्याला दुःख आहे. पहिल्या भागातला डासांना हरलेला माणूस इथे पुन्हा डोकं वर काढतो. धडा पाठ आहे, आचरणात निम्माच उतरलाय, आणि उरलेला निम्मा लपवावा असं त्याला वाटत नाही.

मराठी वाचक गुरूचं चित्र म्हटल्यावर पुलंच्या चितळे मास्तरांकडे वळतो. तिथे मास्तरांचं घर आहे, ओढग्रस्ती आहे, मुलांवरची माया आहे, आणि हसता हसता डोळे भरून येतात. व्हाइटच्या लेखात स्ट्रंकसरांच्या घरचं जवळजवळ काहीच नाही. पगार नाही, म्हातारपण नाही, मरणही 'दिवंगत' या एका विशेषणात आटोपतं. त्याच्यापुढे फक्त वर्गातला माणूस आहे, कारण विद्यार्थ्याला तेवढाच दिसलेला असतो. यातलं सरस-निरस ठरवण्याची घाई नको. पण इतकं कमी सांगूनही जिव्हाळा कसा पोचतो हे बघायचं असेल, तर हा लेख हाताशी ठेवावा. शेवटी तर व्हाइट मायेचा एकही शब्द उच्चारत नाही. आताची पाठ्यपुस्तकं लांबलचक आणि बुटकी, मागे शेपटासारखे पंख काढलेली, असं म्हणून तो त्या काळच्या अमेरिकन मोटारींची टर उडवतो. मग सांगतो, आपल्यावर वर्ग घ्यायची पाळी आलीच तर काय करू: टेबलावर ओणवा होईन, कोटाच्या कडा धरीन, डोळे मिचकावीन आणि ते छोटं पुस्तक आणा, असं तीनदा सांगेन. शेवटच्या वाक्यात तो गुरूची नक्कल करतो, आणि प्रणाम त्या नकलेत उरकतो.

या लेखानंतर मॅकमिलन कंपनीनं व्हाइटकडून पुस्तिका सुधारून घेतली. १९५९ मध्ये दोघांच्या नावानं ती निघाली. तिच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि अमेरिकेत तिचं नावच 'स्ट्रंक अँड व्हाइट' पडलं. सध्याच्या आवृत्त्यांत हाच लेख प्रस्तावना म्हणून वाचायला मिळतो, पण त्यात डास नाहीत, शेकोटी नाही, फ्लिटवाला नाही. गाळायला हवेच होते. व्याकरणाच्या पुस्तकात ते कोणाच्या कामाचे? तरी त्या प्रस्तावनेतला व्हाइट मला उगीच शहाणा वाटतो. गुरूची आज्ञा पाळणारा आज्ञाधारक शिष्य तिथे आहे, आज्ञा निम्मीच पाळू शकणारा माणूस पुसट झालाय.

पुस्तकावर टीकाही भरपूर झाली. पन्नाशीच्या निमित्तानं २००९ मध्ये जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञानं ते झोडून काढलं: कर्मणी प्रयोग टाळा म्हणून दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन मुळात कर्मणी नाहीतच, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. व्हाइटला अशा मंडळींची चाहूल आधीच लागली होती. प्रकाशकांकडून नियम थोडे सैल करण्याची सूचना आली, तेव्हा डिसेंबर १९५८ च्या पत्रात त्यानं ती साफ धुडकावली. हयात असते तर स्ट्रंकसर कदाचित एखाद्या नियमावर तडजोडीला तयार झाले असते. शिष्य गुरूहून कर्मठ निघाला. शैलीवरचं शेवटचं प्रकरण व्हाइटनं स्वतःचं जोडलं, एकवीस सूचनांचं. ते चांगलं आहे, पण तिथे तो उपदेशाच्या पाटावर बसलाय आणि ती त्याची जागा नव्हे.

तेव्हा वाचायचंच असेल तर क्रम उलटा धरावा. 'एसेज ऑफ ई. बी. व्हाइट' (१९७७) या संग्रहात मूळ पत्र डासांसकट आहे. ते आधी वाचावं. मग १९१८ ची मूळ पुस्तिका, जिच्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय आणि जी वाचायला एक संध्याकाळ पुरते. दोघांच्या नावाची आवृत्ती सवडीनं वाचली तरी चालेल.